एका गुणाचं कोर्ट

मास्तरांच्या घरामागे पन्नास फूट नकली हिरवळ अंथरली गेली, त्याला कारण झाली एका कुर्त्याची बाही. ती बाही जरा लांब असती तर पाण्याचा पाइप फुटला नसता, पालिकेची नोटीस आली नसती आणि मास्तरांच्या गळ्यातल्या टेपची अब्रूही शाबूत राहिली असती. पण बाही आखूड होती, आणि मास्तर चौकस होते.

मास्तर शाळेतले नव्हेत. शिंप्याच्या दुकानात कात्री ज्याच्या हातात तो मास्तर, या न्यायाने मास्तर. चौकातल्या त्यांच्या दुकानात दोन गोष्टींना कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. एक म्हणजे मशीनच्या वरची पाटी, 'एकदा शिवलेलं उसवलं जाणार नाही'. दुसरी म्हणजे गळ्यातली कापडी टेप. साठ इंचांची, पिवळी, कडेने काळवंडलेली, गुरूंनी पहिल्या दिवशी हातात दिलेली. या टेपने मास्तरांनी अर्ध्या गावाच्या छात्या मोजल्या होत्या आणि एकाचाही कपडा अंगाला बसला नाही असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप घेताघेता त्याची सगळी कुंडली काढून घेणं ही त्यांची दुसरी विद्या. खांदे मोजताना नोकरी विचारायची, कंबर मोजताना भाऊबंदकी, आणि उंची घेईपर्यंत माणूस घरातलं भांडण स्वतःहून सांगायला लागे.

तर एक दिवस एक उंच, पिकल्या केसांची बाई दुकानात आली आणि कुर्ता टेबलावर टाकून म्हणाली, "बाही वाढवून हवी. रेडिमेड घेतला, मनगटाच्या वर राहतो."

रेडिमेड हा शब्द ऐकला की मास्तरांचा चेहरा नासलेल्या दुधासारखा व्हायचा. तरी त्यांनी टेप काढली. हात मोजला आणि थबकले. "हात फारच लांब आहेत तुमचे. उजवा तर डाव्याहून भरलेला. काही खेळत होतात का?"

"बॅडमिंटन. शहराच्या स्पर्धेचा कप आहे माझ्याकडे. म्हणजे तसा अर्धा तुमच्या बायकोचा आहे."

मास्तरांच्या तोंडातली टाचणी खाली पडली.

मग ती बाई, जिला तिच्या वेळची सगळी मंडळी 'शिडी' म्हणत, स्टुलावर बसली आणि तिने सांगितलं. बत्तीस वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला मास्तरांची बायको, तेव्हा अर्थातच मास्तरांची नसलेली. दोन गेम एकेक झाले. तिसरा दहा-दहावर आला. अकरावर खेळ संपायचा, म्हणजे एकच गुण राहिला होता. आणि हॉलचे दिवे गेले. तासभर सगळे अंधारात बसले. शेवटी पंचांना घरी जायची घाई झाली, त्यांनी काडी पेटवून नाणं उडवलं, ते शिडीचं पडलं, आणि कप तिच्या हातात आला.

"बत्तीस वर्षं तो कप कपाटात आहे," शिडी म्हणाली. "पुसताना दर वेळी वाटतं, आपण जिंकलो असतो का? आता मी इथे मुलाकडे आलेय, तेव्हा कळलं की ती तुमच्या घरात आहे. महिनाअखेरीच्या सोमवारी परत जाणार. मी आठवण काढली म्हणून तिला सांगा."

मास्तरांच्या जिवाची जी तगमग सुरू झाली ती काही विचारू नका. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि ज्या माणसाला कोणत्या गिऱ्हाइकाची सासू कुणाशी बोलत नाही हे ठाऊक, त्याला स्वतःची बायको अंतिम सामना खेळली होती हे ठाऊक नाही! घरी गेल्यागेल्या त्यांनी विषय काढला.

"दिवे गेले. नाणं उडवलं. तिचं पडलं," बायको म्हणाली. "चहा गार होतोय."

"पण मग जिंकलं असतं कोण?"

"ते मला काय माहीत?" असं म्हणून तिने खुंटीवरची डास मारायची बॅट काढली आणि पडद्याजवळच्या एका डासावर पाठीमागून, न बघता, मनगटाच्या एका झटक्यात असा फटका हाणला की चट्‌ आवाज होऊन तो डास जागीच निवर्तला. हा फटका मास्तर तीस वर्षं पाहत होते. बायकोला डासांचा फार राग आहे, एवढाच अर्थ त्यांनी काढला होता. आज त्यांना त्यात वेगळंच काही दिसलं, आणि फार वाईट वाटलं. गार झालेला चहा त्यांनी पिऊन टाकला.

आता सामना खेळवायचा हे मास्तरांनी ठरवलं, पण कुठे? तो जुना हॉल होता खरा, पण तिथे आता बारा महिने सोफासेटचं प्रदर्शन भरायचं. दुसरा हॉल गावाबाहेर, आणि बायको चारचौघांपुढे खेळायला काही जाणार नाही याची त्यांना खात्री. मग एके सकाळी दात घासताना त्यांची नजर घरामागच्या अंगणावर पडली. पन्नास फूट लांब, बावीस फूट रुंद, दोन खांब, एक कपडे वाळत घालायची दोरी आणि बाकी चिखल. नियमाच्या पुस्तकात पाहिलं तर एकेरीचं कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब नि सतरा फूट रुंद. ऐसपैस बसत होतं. चिखलावर उपाय म्हणून कुणीतरी नकली हिरवळ सुचवली. मास्तरांनी बायकोला एवढंच सांगितलं, "मागे चिखल फार होतो. कपडे वाळत घालताना तुझे पाय भरतात. हिरवळ टाकू या."

"टाका," बायको म्हणाली. ती पालिकेत बांधकाम परवानग्यांच्या टेबलावर होती. प्रत्येक फाइलवर ती लाल शाईने 'त्रुटी' लिहायची, म्हणून गावातले ठेकेदार तिला मागे 'त्रुटीबाई' म्हणत आणि पुढे 'मॅडम'.

हिरवळ विकणारा नमुन्याचा तुकडा घेऊन आला आणि मास्तरांच्या तावडीत सापडला. ही उन्हात वितळते का? हिच्यात मुंग्या होतात का? जनावराने खाल्ली तर जनावराचं काय होतं? रंग विटतो का? आणि मुख्य म्हणजे, आटते किती?

"आटेल कशाला, साहेब? प्लॅस्टिक आहे."

"असं प्रत्येक कापडवाला म्हणतो," मास्तर म्हणाले, आणि त्या माणसाकडे त्यांनी दयेने पाहिलं.

शेजारी राहायचे रस्तेकाका. आयुष्यभर रस्ते बांधून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर ज्यांना बांधायला एकही रस्ता मिळत नाही असे. त्यांना कुंपणापलीकडून सुगावा लागला. "मास्तर, हिरवळ नंतर. आधी उतार! साठास एक. साठ फुटांना एक फूट. पाणी कुठे जाणार ते आधी पाण्याला विचारा."

"काका, उतारावर खेळायचं कसं?"

"खेळायचं? कपडे वाळवायचेत ना?"

मास्तरांनी जीभ चावली. उतार त्यांना मुळातच पटत नव्हता. पसरलेलं कापड सपाट बसलं पाहिजे, हे त्यांच्या रक्तातच. काका दोन दिवस वाद घालत होते, तिसऱ्या दिवशी रुसले. पण रुसण्याआधी त्यांनी एक सल्ला देऊन ठेवला होता, की खडी घालून वरून रोलर फिरवल्याशिवाय जमीन दबत नाही. तो मास्तरांनी मानला. रोलर आला. फाटकातून आत येईना. फाटक बिजागऱ्यांतून काढलं, तेव्हा रोलर आत आला आणि त्याने पहिल्या फेरीतच जमिनीखालचा पाण्याचा पाइप दाबून फोडला. अंगणात कारंजं, आणि घरात तोंडाला साबण लावून उभी असलेली बायको. तिने डोळे मिटूनच विचारलं, "अहो, पाणी कुठे गेलं?" मास्तर म्हणाले, "मागे." उत्तर खरं होतं.

पाइप दुरुस्त झाला, रोलर परत गेला, आणि फाटक मात्र परत बसेना, कारण चौकट रोलरने जराशी हलवली होती. ते आजही भिंतीला टेकून उभं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर सांगतात की ते रंगवायचं आहे.

मग हिरवळ आली. सहा-साडेसहा फूट रुंदीच्या तीन गुंडाळ्या. बसवायला दोन कामगार आले होते, त्यांना मास्तरांनी पायरीवरूनच परत पाठवलं. तीस वर्षं कापड कापणाऱ्या माणसाच्या घरी परका येऊन कापणार? आणि त्यानंतर मास्तरांनी जे केलं ते फक्त शिंपीच करू शकतो. कापायच्या आधी कापड भिजवून आटवून घ्यायचं, हा धंद्याचा पहिला धडा. त्यांनी तिन्ही गुंडाळ्या चार माणसं लावून गच्चीवर चढवल्या आणि पाण्याच्या मोठ्या हौदात बुडवल्या.

हिरवळ आटली नाही. तिने पाणी मात्र मनापासून पिऊन घेतलं. चढवताना चार माणसांनी उचललेली गुंडाळी उतरवताना आठ जणांना हलेना. दोन दिवस ती गच्चीवर निथळत पडली आणि गच्चीच्या नळीत हिरव्या धाग्यांचा बोळा अडकला. गच्चीवर तळं साचलं. रस्तेकाका रुसलेले असूनही कुंपणाशी आले आणि एवढंच म्हणाले, "उतार."

पण एका गोष्टीत मास्तरांचं खरोखर कौतुक करायला हवं. गुंडाळ्या अंगणात उलगडल्यावर त्यांनी त्यांवरून हात फिरवला आणि मधली उलट फिरवून अंथरायला लावली. मखमलीसारखी हिलाही लव असते, एका बाजूने फिकी, एका बाजूने गडद, आणि मधलीची उलटी पडली होती. बघायला आलेल्या हिरवळवाल्याच्याही हे चटकन लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही आमच्याकडे या कामाला." त्या दिवशी मास्तर दोनदा जेवले.

तुकडे चिकटवायला त्याने गोंदाचा डबा दिला होता. मास्तरांनी तो उघडलाही नाही. "चिकटवायला ते काय पोस्टाचं पाकीट आहे?" त्यांनी दाभण घेतलं, नायलॉनचा जाड दोरा घेतला आणि गुडघ्यांवर बसून तिन्ही पट्टे एकमेकांना शिवले. सलग दोन शिवणी, आठ दिवस, सगळ्या बोटांना फोड. मग कोर्टाच्या रेषा. रंगाने नाही हं! पांढऱ्या जाड फितीच्या पट्ट्या, त्याही चारही बाजूंनी शिवून. गुरूंच्या टेपने आठ वेळा साठ इंच आणि वर चार फूट, असे चव्वेचाळीस फूट मोजले, मध्यावर जाळी ठरवली, रुंदी मोजली, खुणा केल्या आणि टाके घातले. त्या रेषेवर नजर टाकली तर सुतासारखी सरळ. बायको रोज कामावरून आल्यावर मागच्या दारात उभी राहून पाहायची आणि काहीही न बोलता आत जायची. तिला काही उमगलेलं नाही असं मास्तरांना वाटत होतं. जिचं सगळं तरुणपण या रेषांच्या आत पळण्यात गेलं, तिला कपडे वाळवायच्या जागेत सर्व्हिसची रेषा दिसत नव्हती, असं मानायला माणूस मास्तरांइतकाच भोळा असावा लागतो.

आणि नेमकी तेव्हा नोटीस आली. रजिस्टर पोस्टाने. 'आपण विनापरवाना काम करीत असल्याचा अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला असून काम तात्काळ थांबवावे.' खाली सही बायकोची. सकाळी तिच्याच हातचा डबा घेऊन मास्तर दुकानात गेले होते, तेव्हाही ती चकार शब्द बोलली नव्हती.

मास्तरांनी दुकान बंद केलं आणि तडक कचेरी गाठली. "अगं, हे काय आहे?"

"रांगेत या," खिडकीतून आवाज आला.

पुढे दोन माणसं होती. मास्तर रांगेत उभे राहिले. त्यांच्या ओळखीचा एक ठेकेदार मागे उभा होता, तो सहानुभूतीने म्हणाला, "मॅडम फार कडक आहेत." मास्तर म्हणाले, "ऐकून आहे."

नंबर आला. "अगं, अर्ज केला कुणी?"

"निनावी आहे. विषय?"

निनावी होता खरा, पण काचेतून मास्तरांना तो उलटा वाचता आला. त्यात 'साठास एक' हे शब्द तीन वेळा होते.

"विषय?" बायकोने पुन्हा विचारलं.

"मागच्या अंगणात हिरवळ."

"अर्जदाराचं मालमत्तेशी नातं?"

"तिथे राहतो. तुझ्याबरोबर."

तिने 'सहमालक' असं लिहिलं. "नकाशा?"

मास्तरांनी दिला. चव्वेचाळीस बाय सतरा, सुबक, शर्टाच्या खाक्यासारखा काढलेला. तिने तो फार वेळ पाहिला. "कामाचा उद्देश?"

"कपडे वाळत घालणे."

"कपडे वाळवायला मधोमध जाळी लागत नाही. उद्देश आणि नकाशा जुळत नाहीत." तिने लाल पेन उचललं. "त्रुटी. खरा उद्देश लिहा, नाहीतर फाइल परत जाईल. शनिवारपर्यंत निर्णय झाला नाही तर विषय पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात शिडी नसणार होती. तिचं जाणं आठवड्यावर आलं होतं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मागे रांग, ठेकेदार मान पुढे काढून ऐकतोय. त्यांनी फॉर्म ओढला, पेन मागून घेतलं आणि उद्देशाच्या रकान्यात लिहिलं, 'दिवे गेल्यामुळे दहा-दहावर थांबलेला सामना पुढे खेळवणे.' आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

तिने वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. मग शिक्का उचलून असा मारला की शाईची बाटली हलली. "मंजूर. नकाशातल्या मापाप्रमाणेच काम व्हायला हवं. पूर्ण झाल्यावर पाहणी होईल." आणि मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत ती म्हणाली, "पुढचे कोण?"

संध्याकाळी घरी आल्यावर तिने चपला काढताकाढता विचारलं, "ती कधी जाणार?"

"सोमवारी दुपारी."

"मग रविवारी सकाळी आठला बोलवा. ऊन तेव्हा डोळ्यांत येत नाही." जराशाने आतून पुन्हा आवाज आला, "आणि अहो, पूर्ण गेम नाही. तिथूनच पुढे. दहा-दहा. सर्व्हिस तिची होती."

एका गुणासाठी एवढा खटाटोप! गल्लीत दुसरा विषय उरला नाही. आठवडाभर कपडे टाकायला आलेल्या प्रत्येकाने मास्तरांना तेच विचारलं, आणि मास्तर प्रत्येकाला तेच सांगायचे, की गुण एकच आहे पण तो बत्तीस वर्षं मुरलेला आहे. घरी बायको पडद्यावर, दारामागे, कपाटावर डास शोधत हिंडायची. त्या आठवड्यात घरात एक डास औषधालाही उरला नाही.

रविवारी शिडी आली, वाढवलेल्या बाहीचा कुर्ता घालून. हातात पिशवी, पिशवीत कप. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्याच हसल्या.  "जाडी झालीस," शिडी म्हणाली. "तू आखूड झालीस," बायको म्हणाली, आणि दोघी आपापल्या बाजूला गेल्या. बघायला कुणी नको असं ठरलं होतं. म्हणून लोक फक्त आपापल्या गच्च्यांवर आणि खिडक्यांत होते. रस्तेकाका कुंपणावर कोपरं टेकून उभे. मास्तर पंच, गळ्यात टेप.

जुन्या नियमात ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. सर्व्हिस करणाऱ्याची चूक झाली तर फक्त सर्व्हिस हातची जाते, गुण जागच्या जागी. त्यामुळे तो एक गुण अकरा मिनिटं चालला. शिडीची सर्व्हिस गेली, बायकोची गेली, पुन्हा शिडीची, पुन्हा बायकोची. दोघींना दम लागला होता, गुडघे कुरकुरत होते, पण मनगटं तरणीताठी होती. आपली बायको एवढी सुंदर हलते हे मास्तरांना माहीत नव्हतं. ते पंच असूनही दोन वेळा ओरडले, "वा!" शिडीने त्यांना ताकीद दिली.

शिडीच्या पाचव्या सर्व्हिसला तिने शटल उंच, खोल, थेट मागच्या रेषेकडे मारलं. बायको मागे गेली. रॅकेट वर उचलली. वर पाहिलं. आणि रॅकेट खाली घेतली. "बाहेर," ती म्हणाली, अगदी सहज. शटल पडलं.

दोन बोटं आत.

मास्तर वाकले, पुन्हा वाकले, मग गुडघ्यांवर बसले. शटल रेषेच्या आतच होतं.  बायको स्वतः आली, तिने पाहिलं आणि पुढे होऊन शिडीचा हात हातात घेतला. "आत आहे. गुण तुझा."

शिडी तिला मिठी मारून रडली. बायको रडली नाही. कप शिडीच्या पिशवीत परत गेला, लोक गच्च्यांवरून खाली उतरले, आणि रस्तेकाका म्हणाले, "उतार असता तर पुढे घरंगळलं असतं." पण नेहमीसारखं जोरात नाही म्हणाले.

त्या संध्याकाळी डास आले. बायको हातपाय पसरून खुर्चीत बसली होती, एक डास तिच्या दंडावर बसला आणि तिने त्याला चावू दिलं. मास्तरांनी बॅट आणून दिली. तिने ती घेतली नाही.

"हरल्याचं नाही हो वाईट," ती म्हणाली. "पण मला ते बाहेर दिसलं. अगदी स्वच्छ बाहेर. हात उगाच थांबला नव्हता. माझी नजर गेली, एवढंच खरं. बत्तीस वर्षं वाटत होतं, नजर तरी आहे."

 मास्तर बॅट हातात धरून तिच्या शेजारी बसून राहिले. या सगळ्याला आपणच जबाबदार आहोत, सामना खेळवलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

सोमवारी सकाळी दहाला पाहणी होती. पाहणी करायला बायकोच आली, घरातून नऊला कचेरीत जाऊन, हजेरी लावून, कचेरीची पोलादी टेप आणि फाइल घेऊन. "तिकडचं टोक धरा," ती मास्तरांना म्हणाली. मास्तर मागच्या रेषेवर टोक धरून उकिडवे बसले. ती टेप ओढत चालत गेली, दुसऱ्या टोकाला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"टोक नीट धरलंय?"

"नीट."

"पुन्हा धरा."

पुन्हा मोजलं. मग ती मध्यावर आली आणि जाळीपासून मागच्या रेषेपर्यंत मोजलं. "चव्वेचाळीस फूट साडेसहा इंच," ती सावकाश म्हणाली. "दोन्हीकडे सव्वातीन इंच जास्त."

"शक्यच नाही! मी स्वतः..." मास्तरांनी गळ्यातली टेप काढून पोलादी टेपच्या शेजारी पसरली. साठ इंचांची खूण साठच्या पुढे पाऊण इंच जाऊन बसली. ओढून बघितली, सैल सोडून बघितली, पाठीमागची बाजू वर करून बघितली. तीस वर्षं माणसांच्या अंगाभोवती ओढून ओढून गुरूंची टेप ताणली होती. आणि आजवर कळलं नव्हतं, कारण माणूसही तिनेच मोजला जायचा आणि कापडही तिनेच. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणून कपडा अंगाला चपखल. पहिल्यांदाच तिची पुस्तकातल्या आकड्याशी गाठ पडली होती. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि तसेच हिरवळीवर बसले. एका क्षणात त्यांना आपले हजारो शर्ट डोळ्यांपुढून गेलेले दिसले.

"शटल किती आत होतं?" बायकोने विचारलं.

"दोन बोटं," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं! म्हणजे खऱ्या कोर्टावर ते बाहेर होतं! दोन बोटं बाहेर! माझ्यामुळे तू..."

पण बायको ऐकत नव्हती. ती हसत होती. फाइल काखेत, पोलादी टेप हातात, आणि हसताहसता डोळ्यांतून पाणी. "म्हणजे नजर बरोबर होती माझी! सव्वातीन इंच, अहो! मला ते दिसलं होतं!" तीस वर्षांच्या संसारात ती अशी हसल्याचं मास्तरांना आठवेना. 

मग ती पायरीवर बसली, लाल पेन काढलं आणि फाइलवर लिहिलं. मास्तरांनी वाकून वाचलं. 'त्रुटी. लांबी मंजूर मापापेक्षा साडेसहा इंच जादा. तीस दिवसांत दुरुस्त करावी.'

"अगं, पण ते शिवलंय! दुहेरी टाक्याने. मी शिवलेलं उसवत नाही, तुला ठाऊक आहे."

"अर्जदाराने नोंद घ्यावी," ती म्हणाली, आणि फोन लावला. पलीकडे शिडी सामान बांधत असावी, भांड्यांचा आवाज येत होता. बायकोने सगळं सांगितलं. टेप, सव्वातीन इंच, दोन बोटं.  मग शिडी इतक्या जोरात काहीतरी बोलली की मास्तरांनाही नुसता आवाज ऐकू आला.

"नाही, कप राहू दे तुझ्याकडेच," बायको म्हणाली. "गुण तुझा नाही, माझाही नाही. सर्व्हिस तुझी होती आणि शटल बाहेर गेलं, म्हणून फक्त सर्व्हिस गेली. ये पुढच्या वर्षी. हो. दहा-दहा." ती जरा थांबली. "आणि आता सर्व्हिस माझी."

मास्तर उठले, आतून ब्लेड घेऊन आले, बायकोकडून कचेरीची पोलादी टेप घेतली, मागच्या रेषेशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः घातलेला टाका उसवला.